दहातले किती?

पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईला भेटायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, "जेवलीस का?" आपल्या माणसांची ती रीतच आहे, त्यात वाईट काही नाही. मीही जन्मभर सगळ्यांना तेच विचारत आले. पण ज्याला जेवणाचंच भय बसलंय, त्याने त्याचं उत्तर काय द्यावं? मला तरी देता येत नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले. ज्यांचं असं ऑपरेशन झालंय किंवा व्हायचंय त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी तर जास्तच. मला लिहायची सवय नाही, बोलायची आहे. तेव्हा बोलल्यासारखंच लिहिते, चालवून घ्या.

यात माझी नात मीना येणार आहे. तिला विचारूनच लिहितेय. ती स्की जंपिंग करते, म्हणजे बर्फाच्या उतारावरून स्कीवर सुसाट खाली येऊन हवेत उडी घेते आणि खूप लांब जाऊन उतरते. "आजी, माझं नाव घाल, पण अंतरं घालू नकोस," म्हणाली. तेव्हा कोणती उडी किती लांब गेली ते यात सापडणार नाही. तसंही ते मला कधी लक्षात राहत नाही.

आम्ही

मी मूळची वेंगुर्ल्याकडची. लग्न होऊन मुंबईत आले, आणि मुलगी लहान असताना यांची बदली टोकियोला झाली. तीन वर्षांसाठी आलो होतो. टोकियोतल्या निशी-कसाईत तेव्हा आपल्या लोकांची एवढी वस्ती नव्हती, कढीपत्ता कोणी भारतातून आणला तर पानं मोजून वाटून घ्यायचो. जपानी मी शिकले सुपरमार्केटात आणि कचऱ्यापाशी. जळणारा कचरा कुठला, न जळणारा कुठला, यावरून शेजारणीने जे बोलणं सुनावलं ना, त्यातून माझं निम्मं व्याकरण झालं. पुढे एकटी राहणारी पोरं यायला लागली, त्यांना मी डबे द्यायला लागले. हे गेले, पोरं येत-जात राहिली, मी मात्र तिथेच राहिले.

मुलगी शलाका शिकायला साप्पोरोला गेली आणि तिथलीच झाली. जावई कोजीसान तिथलेच. शाळेत असताना ते स्वतः उड्या मारायचे. मीना दुसरीत असताना त्यांनी तिला एका छोट्या टेकडीवर नेलं, आणि पोरगी परत यायलाच तयार होईना.

मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा शलाकाचा हात सोडला नव्हता. पार वर एक आडवी दांडी असते. त्या दांडीवर मुलं ओळीने बसायला येतात, बाजूने सरकत सरकत, तारेवर चिमण्या बसतात तशी. खाली कोच झेंडा धरून उभा असतो. वारा ठीक झाला की तो झेंडा खाली आणतो आणि मूल दांडी सोडतं. बस. मग आपल्या हातात काही नाही. मीना लहानपणी इतकी हलकी होती की वारा तिला उचलून धरायचा. तिने जिंकलेले कप शलाकाने बुटांच्या कपाटावर मांडले होते, मी त्यांना "तुझी भांडी" म्हणायचे.

मग ती हायस्कूलला गेली, उंच झाली, अंगाने भरली आणि उड्या आखूड पडायला लागल्या. कोच म्हणाले, या वयात असं होतं, शरीर बदलतंय, दोन वर्षं धीर धर. कोच भला माणूस आहे, खोटं बोलला नाही. पण सोळा वर्षांच्या मुलीला "दोन वर्षं" म्हणजे काय वाटत असेल, हे आपण मोठी माणसं विसरतो.

तो दिवस

आमच्या वॉर्डाकडून दरवर्षी पोटाच्या तपासणीचं पाकीट येतं. खडूसारखं पांढरं पाणी प्यायला देतात, ढेकर द्यायची नाही म्हणतात, आणि एका फळीवर झोपवून ती फळी वर-खाली फिरवतात. मी नि शेजारच्या कुलकर्णीवहिनी जोडीने जायचो. बाहेर आलो की एकमेकींच्या ओठांवरचं पांढरं बघून हसायचो. त्या वर्षी वहिनींना "ठीक" म्हणून कागद आला आणि मला परत बोलावलं.

डॉक्टर तरुण होता. तो माझ्याशी, लहान मुलांशी बोलतात तसं, सोपं, हळू जपानी बोलला. कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि त्यात एक ठिपका. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "बरोबर घरचं कोणी आलंय?"

मी म्हटलं, "मुलगी साप्पोरोला असते."

"फोन कराल?" तो म्हणाला. "मी थांबतो."

बाहेर अजून माणसं बसली होती, तरी तो थांबला. हे मी विसरणार नाही.

मी फोन केला. शलाकाने उचलला तर पलीकडे नुसता वारा. "आई, दोन मिनिटांत करू? मीना दांडीवर बसलीय." आणि फोन तसाच चालू राहिला. लाउडस्पीकरवर मीनाचं नाव ऐकू आलं. मग एक क्षण काहीच नाही. मग तो आवाज, "आऽऽ." इथले लोक सगळे मिळून तसा सुस्कारा टाकतात तेव्हा समजायचं, उडी आखूड पडली.

"आई, बोल."

"कशी उडाली?"

"नाही जमलं. ते जाऊ दे. तू काय सांगत होतीस?"

"पोटात काहीतरी निघालंय गं."

"काहीतरी म्हणजे?"

"तेच," मी म्हटलं.

तो शब्द मी बरेच दिवस मराठीत उच्चारला नाही. जपानीत चालायचा, तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा.

शलाका रडली नाही. तिने डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि मला म्हणाली, "तू इकडे येणार आहेस. कपडे मी भरायला येते. आणि हे बघ, पोरांचे डबे, पोरांचे डबे करू नकोस." मी घरी जाताना दुकानात शिरले आणि कोथिंबिरीची जुडी घेतली. घरी येऊन निवडत बसले. अख्खी जुडी निवडली, पानन् पान. त्या दिवशी मला तेवढंच येत होतं.

पेज

साप्पोरोच्या हॉस्पिटलात पोटाचा बराचसा भाग काढला. त्याबद्दल फार सांगत नाही, मी झोपलेली होते आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी नीट केलं. दुसऱ्याच दिवशी मला उभं केलं आणि सलाइनचा खांब धरून कॉरिडॉरमध्ये चालवलं. दुखतं का? दुखतं. पण चालता येतं. ज्यांचं व्हायचंय त्यांना सांगते, त्या पहिल्या चालण्याला भिऊ नका, तो खांब घट्ट धरा, तो चांगला सोबती असतो.

चालण्याला मी भ्याले नाही. मी भ्याले जेवणाला.

पहिलं जेवण आलं. झाकण उघडलं तर आत काय, भाताची पेज. इथे तिला ओमोयु म्हणतात. शलाका वाकून बघते आणि हसायला लागते. "आई, तुला जपान्यांनी माहेरी पाठवलं." मलाही हसू आलं, टाके दुखेपर्यंत. जिथे सकाळी पेज पिऊन शाळेत जायचे, तिथून इतक्या लांब येऊन परत पेजेवरच.

तीन घोट घेतले आणि छातीत धडधड सुरू झाली. घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, वाटलं संपलं. नर्स ओनोसान आली, उशी उंच केली, म्हणाली, "होतं असं. पोट लहान झालंय, त्याला अजून कळत नाहीये. हळू घ्या, थोडं-थोडं, दिवसातून सहा वेळा." तिचं सगळं बरोबर होतं. पण त्यानंतर जेवणाच्या ट्रॉलीचा आवाज आला की माझे हात गार पडायचे. जिने आयुष्यभर लोकांना वाढलं, ती मी ताटाला घाबरायला लागले.

आता तिथली एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जेवण झालं की नर्स येऊन विचारते, दहातले किती खाल्लेत? भात दहातले किती, भाजी दहातली किती. तुम्ही सांगायचं, ती लिहून घेते. ती काही वाट्या तपासत नाही. इथे माणसाने सांगितलेलं खरं धरतात.

मी म्हणायचे, "सात." एखाद्या दिवशी "आठ." खाल्लेले असायचे दोन. खोटं बोलायचं म्हणून नव्हे हो. शलाका कामावरून धावत यायची, तिचा चेहरा उतरलेला असायचा, तिच्यासमोर "दोन" म्हणवायचं नाही.

मीनाने दाखवलेली युक्ती

मीना प्रॅक्टिस संपवून बसने यायची. ती मराठी सगळं समजते, उत्तर जपानीतून देते. मी इथे मराठीत लिहिते म्हणून ती फाडफाड मराठी बोलते असं समजू नका. आली की माझे पाय चेपायची. तिचे हात नेहमी थंडगार असायचे. हॉस्पिटलात गरमी इतकी की मी पातळ कपड्यात, आणि ती जाड जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावून.

एक दिवस संध्याकाळचं ताट आलेलं, आम्ही दोघीच. मी दोन चमचे खाल्ले आणि थांबले. म्हटलं, "मने, हे तू खाऊन टाक. ओनोसान आत्ता येईल विचारायला."

"मी खाऊन आलेय, आजी."

"मग राहिलंय हे दिसेल ना तिला."

मीनाने वाटीकडे बघितलं. मग माझ्या हातातला चमचा घेतला, वाटीत दोन-तीनदा फिरवला, झाकण जरा तिरकं ठेवलं. झालं. वाटीत होतं तेवढंच होतं, पण बघणाऱ्याला वाटावं की बाईने पोटभर खाल्लंय. इतक्या सहज, जशी मी पोळी उलटते.

"अगं वा," मी म्हटलं. "कुठे शिकलीस?"

ती हसली, मीही हसले. आणि मग माझं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. आतून मात्र ते संपलं होतं. कारण शिकायला कुठे लागतं? मला कोणी शिकवलं होतं का? मी ते जाकीट बघितलं. जाकिटातून बाहेर आलेलं मनगट बघितलं. रोज बघत होते, पण त्या दिवशी दिसलं.

तेवढ्यात ओनोसान आली. "आज दहातले किती?"

मीना खिडकीबाहेर बघत होती.

"दोन," मी म्हटलं. "वाटी बघू नका, वाटी खोटं सांगतेय. काल आठ म्हणाले तेही खोटं. कालही दोनच."

मला वाटलं रागावेल. तिने खुर्ची ओढली आणि बसली. म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. तुमचे आठ ऐकून आम्ही उद्यापासून भात घट्ट करणार होतो. तुम्ही सांगाल त्यावरच पुढचं ठरतं. दोन तर दोन, दोनपासून चढू." आणि खोडून दोन लिहिलं.

ती गेल्यावर मी मीनाला विचारलं, "आणि तुझे? आज सकाळपासून. दहातले किती?"

तिने पिशवी उचलली. "बस चुकेल, आजी."

जेवणाच्या टेबलाशी

घरी आणलं त्या दिवशी गाडीत मागे मीनाच्या स्की होत्या. या उडीच्या स्की फार लांब असतात, माणसापेक्षा कितीतरी लांब. डिकीपासून निघून पुढच्या दोन सीटांच्या मधे त्यांचं टोक येतं. मी पुढे बसले होते, टोक माझ्या कोपराच्या जरासं मागे थांबलं होतं. मी म्हटलं, "या आधीपेक्षा आखूड आहेत का गं?" मीना म्हणाली, "हो, नव्या घेतल्या." कोजीसानांनी आरशातून तिच्याकडे बघितलं.

घरी आल्यावर माझी सहा जेवणं सुरू झाली. मी ताटाशी बसले की समोर मीनाला बघायचे. आपण एका विद्येत तयार झालो की दुसऱ्याची लगेच ओळखू येते. ती बोलायची भरपूर, वाढायची सगळ्यांना, पाणी आणायला उठायची, आणि तिच्या ताटातलं अन्न फिरत राहायचं. शलाकाला सांगावं का? सांगितलं असतं तर त्या घरात मीनाचा एकच माणूस होता, म्हणजे मी, तोही गेला असता. नाही सांगितलं तर? दोन्हीकडून जीव खालीवर. आजारी माणसाने काळजी करू नये म्हणतात. कशी करू नये?

मग एका दुपारी मला परत तसंच झालं. अर्धी वाटी मऊ भात खाल्ला आणि घाम, धडधड. घरात मीनाच होती. तिने मला आडवं केलं, कपाळ पुसलं, हात धरून बसली. ओसरल्यावर मी म्हटलं, "मने, मला जेवणाची भीती वाटते. खरंच वाटते. वाटी समोर आली की वाटतं ही आता मला काहीतरी करणार."

तिने हातातला रुमाल घडी केला, परत उलगडला. मग अगदी हळू, मराठीत म्हणाली, "मला पण."

हळूहळू सगळं बाहेर आलं. हलकं असलं की वारा उचलतो. ती पूर्वी हलकी होती तेव्हा जिंकायची. तिला कोणी कमी खा म्हटलं नव्हतं, तिने आपणच ठरवलं होतं. म्हणाली, फार हलकी मुलं उडू नयेत म्हणून नियम आहे, वजन कमी झालं की स्की आखूड घ्याव्या लागतात, आणि आखूड स्कीला वारा कमी उचलतो. मी म्हटलं, "नियम करणारं कोणीतरी शहाणं माणूस दिसतंय. मग?"

"मग मी आखूड घेतल्या."

"आणि उडी लांब गेली?"

"दोन वेळा. मग नाही."

"पाळी येते?"

तिने मान हलवली. नाही. मागच्या उन्हाळ्यापासून नाही, आणि नडगीत दुखतं, तेही कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर उडू देणार नाहीत.

मी म्हटलं, "हे बघ. तुझ्या आईला मी सांगणार नाही. तू सांगायचंस. रविवार जाऊ देणार नाही मी. नाहीतर मग मी आहेच."

भांडण

तिने शनिवारी सांगितलं. जेवणाच्या टेबलावर, जपानीतून, एका दमात, ताटाकडे बघत.

शलाका आधी तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली. "आई, तुला माहीत होतं?"

"हॉस्पिटलात कळलं."

"हॉस्पिटलात? आणि तू गप्प? तुम्ही दोघी माझ्या समोर बसून, वाट्या फिरवत..." ऑपरेशन झालेल्या आईवर ओरडता येत नाही, म्हणून ती आत गेली आणि भांड्यांवर ओरडली. त्या दिवशी एका कपाचा कान गेला. तो कप अजून आहे, मी त्यातूनच चहा पिते.

चूक कोणाची, बरोबर कोण, ते मला आजही सांगता येणार नाही. लेकीचा राग खरा होता. दोन आजारी माणसं घरात, आणि दोघींनी तिला "छान जेवले" म्हणून सांगितलेलं. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. औषधं मात्र वेळेवर हातात ठेवायची, पाण्याचा पेला जरा आपटून.

कोजीसान सगळं ऐकून उठले, न्हाणीघरात गेले, वजनकाटा काखेत मारून बाहेर आले आणि तो गाडीत ठेवून आले. परत येऊन मीनासमोर बसले. "आमच्या वेळी सगळ्यांसमोर वजन करायचे," म्हणाले. "रोज सकाळी. मला वाटलं होतं, तुझ्या बाबतीत कोणी तसं करत नाहीये ना, मग ठीक आहे." एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलंय. मग त्यांनी डोळे पुसले आणि डाळ गरम करून आणली.

डॉक्टरबाईंनी मीनाची हाडं तपासली. नडगीला बारीक चीर होती. त्या म्हणाल्या, शरीर परत जाग्यावर येईपर्यंत उडी नाही. येणारा हिवाळाही धरू नका. मीनाने घरी येऊन आपलं हेल्मेट कपाटाच्या वर ठेवलं, अगदी मागे सरकवून.

परत उडायला मिळेल का, हे कोणीच नक्की सांगत नव्हतं. तेच तिला खात होतं. आणि मला तिची ती मान खाली घालून बसलेली पाठ.

आमचे नियम

मग आम्ही दोघींनी जोडीने जेवायचं ठरवलं. माझी सहा, तिची शाळा सांभाळून जमतील तेवढी. नियम मीनानेच केले. "खा" असं कोणी कोणाला म्हणायचं नाही. संपल्यावर दहातले किती ते विचारायचं. खरं सांगायचं. आणि उत्तरावर काहीही बोलायचं नाही, चेहरासुद्धा करायचा नाही. हा शेवटचा नियम मला सगळ्यात जड गेला. माझा चेहरा फार बोलतो.

"आजी, किती?"

"चार. तुझे?"

"तीन."

"मी जिंकले."

"हे बोलणं झालं. नियम मोडला."

निशी-कसाईहून कुलकर्णीवहिनींनी मेतकूट पाठवलं. वर चिठ्ठी नाही, काही नाही, नुसता पुडा. ज्याला मेतकूट माहीत नाही असा मराठी माणूस नसेल, पण आजारपणात मऊ भातावर ते आणि तुपाची धार पडली की काय होतं ते आजारी पडल्यावरच कळतं. माझ्या जिभेची चव औषधाच्या गोळ्यांनी लोखंडासारखी झालेली, त्यातूनही ते पोचलं. मीना ते ओनिगिरीत, म्हणजे इथल्या भाताच्या मुटक्यात, घालून खायला लागली. तुपाला बरेच दिवस हात लावत नव्हती. मी तुपाचं भांडं टेबलावर ठेवून द्यायचे आणि दुसरीकडे बघायचे. एकदा बघते तर चमचा तुपात. मी भिंतीवरचं कॅलेंडर फार मन लावून वाचलं.

चढतच गेलो असं मात्र समजू नका. हिवाळ्यात ती टेकडीवर मदतीला जायची, बर्फ सारखा करायला. तिच्यापेक्षा लहान मुलगी एक दिवस मीनाच्या जुन्या उडीच्या खुणेच्या पुढे गेली. मीना घरी आली, जाकीट न काढता बसली. "किती?" मी विचारलं. "शून्य," म्हणाली. मी नियम पाळला. त्याच आठवड्यात माझाही एक शून्याचा दिवस होता, गोळ्यांनी सगळं उलटून पडलं. त्या दिवशी तिने नियम पाळला आणि नुसती पाठीवर हात ठेवून बसली. तिचा हात तेव्हा कोमट लागला. ते माझ्या ध्यानात राहिलं.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना एवढंच सांगते. वाटी बघू नका. विचारा, आणि ऐकायला तयार राहा. "दोन" ऐकून ज्याचा चेहरा पडत नाही, त्यालाच माणूस खरं सांगतं. शलाकालाही ते यायला वेळ लागला. एक दिवस तीच कामावरून येऊन टेबलाशी बसली आणि म्हणाली, "मला पण विचारा. मी आज दुपारी जेवलेच नाही." मग तिला वाढलं. तीन पिढ्या, तीन वाट्या, आणि शलाकाने दहा सांगितले.

या उन्हाळ्यात

माझी मागची तपासणी नीट आली. गोळ्या संपल्या. पुढेही तपासण्या आहेतच, पण ट्रॉलीच्या आवाजाने आता हात गार पडत नाहीत. मीनाची पाळी परत सुरू झाली तेव्हा शलाकाने मला फोन करून सांगितलं, मी बाजूच्याच खोलीत असताना. डॉक्टरबाईंनी नडगी परत बघितली आणि म्हणाल्या, हळूहळू सुरू करा.

इथे उन्हाळ्यातही उड्या मारतात. उतारावर हिरवे प्लॅस्टिकचे गवतासारखे पट्टे असतात, त्यावर पाणी फवारतात. सुरुवात करायच्या आधी वजन-उंची घेतात आणि त्यावरून स्की किती लांब चालतील ते ठरतं. मीना आत गेली तेव्हा मी नि शलाका बाहेर बाकावर. दोघी एकमेकींकडे न बघता बसलो होतो. ती बाहेर आली आणि तिने हाताची चार बोटं जोडून दाखवली. स्की आधीपेक्षा एवढ्या जास्त लांब घ्यायच्या.

नव्या स्की आल्यावरची ती पहिली उडी मी बघितली. दांडीवर सरकत आली, बसली. कोचने झेंडा धरून ठेवला, वारा बघत राहिले. मग खाली आणला. हवेत ती थोडीच गेली, आणि उतरली. आखूड. सरावाचा दिवस होता, सुस्कारा टाकायला कोणी नव्हतं. तिने हेल्मेट काढलं आणि आमच्याकडे चालत आली, केस ओले.

"आखूड पडली," म्हणाली.

"हो," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"पण वर बसले होते ना, थंडी वाजली नाही," ती म्हणाली. "पूर्वी दांडीवर दात वाजायचे माझे. मला वाटायचं घाबरते म्हणून."

पुढच्या हिवाळ्यात ती कुठवर जाईल, मला माहीत नाही. तिलाही नाही. कोच म्हणाले, दोन वर्षं. या वेळी तिने मान डोलावली.

परत येताना गाडीत डबा उघडला. मेतकुटाच्या ओनिगिरी, मला मऊ भात वेगळा. मी हळूहळू खात होते, ती मागे, स्कीच्या शेजारी.

"आजी, दहातले किती?"

"सहा."

"खरं?"

"पाच. तुझे?"

"आठ," ती म्हणाली. "थांब, अजून खातेय."

कोजीसानांनी सिग्नलला गाडी थांबवली तेव्हा स्की जराशा पुढे सरकल्या आणि टोक माझ्या कोपराला टेकलं. नव्या स्की, आधीपेक्षा चार बोटं लांब.

"लागतंय का तुम्हाला?" कोजीसान म्हणाले. "मागे घेऊ?"

"राहू द्या," मी म्हटलं.